बाबांची गोळी आणि काकांची डबी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वडील ६८ वर्षांचे, एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. बऱ्याच वर्षांपासून गाउटचा त्रास. वर्षातून तीन-चार वेळा पायाचा अंगठा रात्रीतून लालबुंद होऊन सुजतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. पूर्वी एका डॉक्टरांनी कोल्चिसिनची ०.५ मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली होती. तीच जुनी चिठ्ठी दाखवून बाबा अजून गोळ्या आणतात आणि चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे ‘आराम पडेपर्यंत दर दोन तासांनी एक’ घेतात. दुखणं थांबतं, पण पोट बिघडतं. मागच्या खेपेला जुलाबांनी इतके गळाले की सलाईन लावावं लागलं. बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी रोज चालू आहे. दिवाळीनंतरच्या तपासणीत क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) १.८ आलं. मुलीने मोबाइलवर शोधलं तेव्हा कळलं, की ही गोळी एका विषारी झाडापासून बनते. ते ऐकून गावचे मोठे काका म्हणाले, ‘ते तर आपल्या कळलावीतलंच औषध. मग गोळीतलं केमिकल कशाला? कंदच घ्या.’ त्यांनी कंद वाळवून, कुटून डबी पाठवली आहे. चिमूटभर मधातून घ्यायचं. त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याला गुण आला म्हणतात. बाबांचा ओढा डबीकडे आहे. मुलगी विचारते: दोन्हीकडे विषच असेल, तर निदान नैसर्गिक का घेऊ नये? आणि घ्यायचं नसेल, तर बाबांच्या थोरल्या भावाला नाही कसं म्हणायचं?

नमस्कार ताई,

सगळ्यात आधी ती डबी. स्वयंपाकघरात मसाल्यांच्या रांगेत ठेवली असेल तर आत्ता उठून बाहेर काढा, वर ‘विषारी, खाऊ नये’ अशी चिठ्ठी चिकटवा आणि कपाटात कुलपाखाली ठेवा. लगेच फेकू नका, ती का लागेल ते पुढे सांगते. बाबांनी त्यातलं काही घेतलं असेल तर हे उत्तर वाचत बसू नका, त्यांना रुग्णालयात न्या. अजून काही होत नाहीये म्हणून थांबायचं नाही, कारण या विषाची लक्षणं दिसायला काही तास जातात.

आता काकांचं बोलू. झाडाच्या बाबतीत काका बरोबर आहेत, आणि तसं त्यांना मोकळेपणाने सांगा. कोल्चिसिन हे अल्कलॉइड युरोपात कोल्चिकम नावाच्या, शरदात फुलणाऱ्या कंदवर्गी झाडात सापडलं. पेल्तिए आणि काव्हांतू या फ्रेंच जोडीने ते १८२० साली वेगळं केलं. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढणारे तेच दोघं आणि सालही तेच. १८३३ मध्ये गायगर या जर्मन संशोधकाने त्याला आजचं नाव दिलं. हेच द्रव्य आपल्या कळलावीत आहे. श्रावण-भाद्रपदात कुंपणावर चढते, पानाच्या टोकालाच तणावा असतो, पाकळ्या बुडाशी पिवळ्या, वर लाल आणि मागे वळलेल्या, तीच ही वेल. तमिळनाडूचं ते राज्यफूल आहे, आणि त्या राज्यात शेतकरी तिची रीतसर लागवड करतात. पीक घेतात ते बियांसाठी. बिया कारखान्यात जातात आणि त्यांतून कोल्चिसिन व त्याच्या जवळची द्रव्यं काढली जातात. म्हणजे बाबांच्या पट्टीतली गोळी एखाद्या तमिळ शेतकऱ्याच्या मांडवावरच्या कळलावीतूनच आलेली असू शकते.

तेव्हा तुमच्या घरात ‘झाड की केमिकल’ असा जो वाद चालला आहे, त्यात दोन्ही बाजू एकाच रेणूबद्दल बोलत आहेत. बाबांचं शरीर तो रेणू कुठून आला हे विचारणार नाही. ते बघणार किती आला.

आणि या औषधात ‘किती’ला फार किंमत आहे. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे बारीक मिठाचे आठ-दहा दाणे. गोळी हातात एवढी मोठी दिसते ती बाकीच्या भरीमुळे. औषध त्यात तेवढंच. ते आठ-दहा दाणे प्रत्येक गोळीत तेवढेच पडावेत म्हणून कारखान्यात मोजमाप चालतं. काकांच्या डबीत हे मोजलं कुणी? कळलावीत कोल्चिसिन किती असेल हे जमिनीवर, हंगामावर, कंद किती जुना आहे आणि कसा वाळवला यावर बदलतं. एकाच वेलीच्या बियांत वेगळं आणि कंदात वेगळं. शिवाय चिमूट कुणाची? काकांची चिमूट आणि आयुष्यभर एसटीचं स्टिअरिंग धरलेल्या बाबांची चिमूट सारखी भरणार नाही. त्या चिमटीत एक गोळी आहे की दहा, हे काकांना माहीत नाही, तुम्हाला नाही, मलाही नाही.

काका म्हणतील, कंद गोमूत्रात भिजवून शुद्ध केलाय. ही पद्धत खरी आहे, ग्रंथात आहे. शोधनाने विष कमी होतं हेही धरून चालू. पण किती कमी झालं आणि किती उरलं हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि प्रश्न पुन्हा तिथेच येतो. अजून एक: काही भागांत कळलावीलाही ‘बचनाग’ म्हणतात आणि हिमालयातून येणाऱ्या वत्सनाभालाही. वत्सनाभाचं विष निराळं, ते हृदयाची लय बिघडवतं. बाजारातून किंवा कुणाच्या हातून आलेल्या भुकटीत नेमकं काय आहे हे तिच्या रंगावरून ओळखता येत नाही.

मोजमापाचा आग्रह तुम्हाला शहरी वाटला तर एक गोष्ट सांगते. अमेरिकेत कोल्चिसिनचं इंजेक्शनही वापरात होतं. २००७ साली एका औषधशाळेत ते बनवताना तीव्रता चुकली आणि हवं त्याच्या आठपट झाली. तराजू होते, शिकलेली माणसं होती, तरी तीन रुग्ण दगावले. पुढच्याच वर्षी तिथल्या औषध प्रशासनाने या इंजेक्शनची विक्री बंद करायला लावली.

हे द्रव्य इतकं काटेकोर का, हे थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. आपल्या प्रत्येक पेशीच्या आत बारीक नळ्यांचा सांगाडा असतो. पेशीला हलायचं असेल, विभागून दोन व्हायचं असेल, तर या नळ्या सतत बांधाव्या आणि मोडाव्या लागतात. कोल्चिसिन त्या नळ्यांच्या कच्च्या मालाला चिकटतं आणि बांधकाम थांबवतं. गाउटमध्ये सांध्यात युरिक अ‍ॅसिडचे सुईसारखे स्फटिक साचतात, त्यांच्यावर पांढऱ्या पेशी तुटून पडतात आणि आग भडकते. कोल्चिसिन या पेशींना तिथे पोचू देत नाही, म्हणून आग निवते. औषध म्हणून त्याचा गुण हाच आणि विष म्हणून त्याचा दोषही हाच. प्रमाण वाढलं की जिथे जिथे पेशी भराभर विभागतात तिथे काम ठप्प होतं: आधी आतड्याचं अस्तर, मग हाडांतला मगज जिथे रक्त तयार होतं, मग केसांची मुळं.

म्हणून जुलाब. बाबांना होणारे जुलाब हा औषधाचा नुसता ‘साइड इफेक्ट’ समजून तुम्ही सगळे सोसत आलात, पण ती आतड्याची पहिली तक्रार आहे की आता जास्त होतंय.

इथे मला तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर थांबायचं आहे. तुम्ही ते सहज लिहून गेलात, पण सगळ्या पत्रात मला तेच जास्त धोक्याचं वाटलं: ‘आराम पडेपर्यंत दर दोन तासांनी एक’. ज्या डॉक्टरांनी हे लिहिलं त्यांना दोष देऊ नका. एके काळी सगळीकडे असंच शिकवलं जायचं, की दुखणं थांबेपर्यंत किंवा पोट बिघडेपर्यंत गोळी देत राहा. जुलाब हाच थांबण्याचा इशारा मानायचे. म्हणजे रुग्णाला मुद्दाम विषाच्या उंबरठ्यापर्यंत न्यायचं आणि तिथून मागे फिरवायचं. बऱ्याच जणांना ते निभावलं. काहींना नाही.

पुढे एका चाचणीत ही पद्धत नव्या पद्धतीशी ताडून पाहिली गेली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. एका गटाला सहा तासांत ४.८ मिलिग्रॅम, दुसऱ्याला तासाभरात मिळून फक्त १.८ मिलिग्रॅम. दुखणं कमी होण्यात दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. जुलाब मात्र जास्त डोसवाल्यांत चारांपैकी तिघांना झाले, कमी डोसवाल्यांत चारांपैकी एकाला. तेव्हापासून किडनी ठीक असलेल्या माणसासाठी झटक्याची रीत अशी झाली: अंगठा ठणकायला लागला की लवकरात लवकर दोन गोळ्या, तासाभराने एक, आणि मग त्या दिवशी थांबायचं. आपल्याकडच्या ०.५च्या गोळीने त्याचे दीड मिलिग्रॅम होतात. बाबा किती गोळ्या घेत होते ते तुम्ही लिहिलं नाही, पण दर दोन तासांनी म्हटलं की रात्रीतून आकडा कुठे जातो ते तुम्हीच मोजा.

आणि बाबांची किडनी ठीक नाही. ६८व्या वर्षी क्रिएटिनिन १.८ म्हणजे किडनीचं काम बरंच मंदावलेलं आहे. कोल्चिसिन शरीराबाहेर जातं ते काही यकृतावाटे, काही किडनीवाटे. किडनी मंद असली की ते रेंगाळतं, रेंगाळलं की जुलाब, जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं की किडनी आणखी मंद. मागच्या वेळी सलाईन लावायची पाळी आली ती बहुधा याच चक्रामुळे. तेव्हा वरची ‘दोन आणि एक’ ही रीतही बाबांना तशीच लागू करू नका. त्यांच्यासाठी किती, आणि एका झटक्यानंतर पुन्हा किती दिवसांनी, हे त्यांचा आत्ताचा रिपोर्ट बघूनच ठरायला हवं. ती जुनी चिठ्ठी औषधाच्या दुकानात पुन्हा दाखवायची नाही. फाडून टाकलीत तरी चालेल.

कोलेस्टेरॉलच्या गोळीचंही बघा. पट्टीवर शेवटी ‘स्टॅटिन’ असलेलं नाव असेल तर कोल्चिसिनबरोबर क्वचित स्नायू दुखावतात. मांड्या, दंड दुखणं, खुर्चीतून उठताना जोर न मिळणं असं काही होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. बीपीच्या गोळ्यांत व्हेरापॅमिल आणि डिल्टियाझेम ही दोन द्रव्यं कोल्चिसिन शरीरात साठवून ठेवतात. त्याहून जपायचं ते क्लॅरिथ्रोमायसिनला. छातीत कफ झाला म्हणून पाच-सात दिवसांसाठी लिहून दिलेलं हे अँटिबायोटिक कोल्चिसिन घेणाऱ्या, किडनी मंद असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. इरिथ्रोमायसिन, बुरशीवरच्या इट्राकोनाझोल-केटोकोनाझोल या गोळ्या, प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन, एचआयव्हीवरचं रिटोनाव्हिर, हीही त्याच पंगतीतली. दात काढायला गेलात तरी डेंटिस्टला ‘बाबा कोल्चिसिन घेतात’ एवढं सांगायचं.

आता काकांना गुण आला त्याविषयी. मी काकांना खोटं पाडत नाही. त्यांना बरं वाटलं असणार. पण गाउटचा झटका काहीही केलं नाही तरी साधारण आठवडा-दहा दिवसांत आपोआप ओसरतो. त्या दिवसांत जे काही चालू असेल, लेप, काढा, मंतरलेला दोरा, त्याला श्रेय मिळून जातं. काकांचं दुखणं तर गुडघ्याचं आहे. त्यांच्या वयात ते बहुतेक झिजेचं असतं, गाउटचं नव्हे, आणि झिजेचं दुखणं स्वतःच कधी चढतं कधी उतरतं. त्यांनी गाउटसाठी घेतलं आणि गाउट बरा झाला, असं तुमच्या पत्रात कुठेच नाही. मला उलट काकांचीच काळजी वाटते. ते अजून घेत असतील तर त्यांचं रक्त आणि किडनी एकदा तपासून घ्या.

‘दोन्हीकडे विषच’ हे तुमचं वाक्य मला आवडलं, कारण ते खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. विषारी झाडांनी औषधाचं दुकान भरलेलं आहे. शेतात फवारणी करताना कीटकनाशक अंगात गेलेल्या माणसाला जिल्हा रुग्णालयात जे अ‍ॅट्रोपिन टोचतात, ते धोतऱ्याच्या कुळातलं विष. नर्स शेजारी उभी राहून नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, छातीतली घरघर बघत ते देते. अंगणातल्या सदाफुलीतून निघणारं व्हिन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर चालतं, आणि ते पेशीतल्या त्याच नळ्यांवर काम करतं ज्यांच्यावर कोल्चिसिन करतं. म्हणून डायबेटिससाठी सकाळी सदाफुलीची पानं चावणाऱ्यांना बघून मला धडकी भरते, पण तो वेगळा विषय. गोळी विषापासून बनली म्हणून ती वाईट ठरत नाही आणि कंद मातीतून आला म्हणून तो सौम्य ठरत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

आणि आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. गोळी घ्यायची की कंद, या भांडणात तुमच्या घरात एक गोष्ट राहून गेली आहे: दोन्हीपैकी कशानेही बाबांचा गाउट बरा होत नाही. कोल्चिसिन आग विझवतं, स्फटिक तसेच राहतात. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड खाली आणलं नाही तर पुढचा झटका येणारच, आणि वर्षाला तीन-चार झटके म्हणजे त्यासाठीचे उपचार केव्हाच सुरू व्हायला हवे होते. त्यासाठी अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट अशी रोजची गोळी असते. लक्ष्य असतं युरिक अ‍ॅसिड ६ मिलिग्रॅमच्या खाली आणून तिथे ठेवण्याचं. झटका चालू असताना केलेल्या तपासणीत आकडा कधी कधी फसवा नॉर्मल येतो, म्हणून सूज उतरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा. किडनी मंद असेल तर अ‍ॅलोप्युरिनॉल अगदी लहान मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. त्या गोळीने अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं किंवा ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही.

बीपीच्या गोळीच्या पट्टीवर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलंय का तेही बघा. लघवी वाढवणारी ही द्रव्यं युरिक अ‍ॅसिड वाढवतात. आपल्या मनाने बंद करू नका, पण बदलता येईल का हे विचारा; लोसार्टन हे बीपीचंच औषध युरिक अ‍ॅसिड थोडं उतरवतं.

पथ्याचं थोडक्यात सांगते, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांनी लोकांचं जेवण उगाच बेचव केलं आहे. डाळ, पालक, टोमॅटो बंद करायची गरज नाही. भाज्या-कडधान्यांतल्या प्युरीनने (युरिक अ‍ॅसिड ज्यापासून बनतं त्या द्रव्याने) गाउट वाढताना दिसलेला नाही. कलेजी, खिमा, मटण, कोळंबी, तारली, बांगडा यांना आवर घालायचा, बिअर सोडायची, गोड शीतपेयं सोडायची, दूध-दही खायचं. बाबांना बांगडा सोडा म्हणणं सोपं नाही याची मला कल्पना आहे. पण नुसत्या पथ्याने युरिक अ‍ॅसिड थोडंच उतरतं, तेव्हा एका बांगड्यावरून घरात महाभारत नको.

आता काकांना कसं सांगायचं. ‘तुमचं गावठी औषध नको’ असं म्हटलंत तर काका दुखावतील आणि बाबा तुमच्या पाठीमागे डबी उघडतील. काकांच्याच शास्त्रातून बोला. कळलावीला आयुर्वेदात लांगली म्हणतात आणि तिची गणना उपविषांत आहे, रुई, निवडुंग, कण्हेर, गुंज, अफू, धोतरा यांच्या रांगेत. कायद्यानेही ती आयुर्वेदिक औषधांतल्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, आणि अशी द्रव्यं असलेलं पोटात घ्यायचं औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं असा इशारा वेष्टनावर छापावा लागतो. तेव्हा काकांना विचारा, ‘हे उपविष आहे, तर बाबांची नाडी न बघता, किडनीचा रिपोर्ट न बघता कोणता वैद्य हे देईल?’ बाबांना आयुर्वेदावर श्रद्धा असेल तर त्यांना पदवीधर, नोंदणी असलेल्या वैद्यांकडे घेऊन जा. बाबांच्या दुखण्याला तिथे वातरक्त म्हणतात आणि कळलावीशिवायही पुष्कळ उपचार आहेत. वैद्यांना क्रिएटिनिनचा आकडा दाखवायचा आणि ते देतील ते औषध ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनाही सांगायचं. काकांना एक कामही द्या. झटका येतो तेव्हा बाबांना बर्फाच्या शेकाने आराम पडतो, कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. थोरल्या भावाने फोनवरून ‘बर्फ लावलास का रे’ एवढं विचारलं तरी बाबा ऐकतील. तुम्ही सांगून ऐकणार नाहीत.

एक भीती मला आहे ती आधीच सांगते. कोल्चिसिनची धास्ती बसली की लोक डायक्लोफिनॅककडे वळतात, दुकानात मागितलं की मिळतं म्हणून. बाबांच्या किडनीला ते आणि त्या जातीची बाकीची वेदनाशामकं मानवणार नाहीत. झटक्यात कोल्चिसिन नकोच असं डॉक्टरांना वाटलं तर काही दिवसांचा स्टेरॉइडचा छोटा कोर्स हा पर्याय त्यांच्याकडे असतो. शुगर असेल तर तेवढं त्यांना आठवण करून द्या.

हे पत्र वाचून इतरांच्याही मनात प्रश्न येतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. पाठ-मान धरली की आपल्याकडे सर्रास लिहिली जाणारी थायोकोल्चिकोसाइडची गोळी कळलावीतल्याच द्रव्यापासून बनते. गाउटवर तिचा उपयोग नाही. युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये ती पोटात घ्यायची तर फक्त सात दिवसांपुरती मर्यादित केली, आणि गरोदर बायकांना किंवा मूल होऊ शकणाऱ्या पण गर्भनिरोधक न वापरणाऱ्या बायकांना देऊ नये असं सांगितलं. पट्टीवर हे नाव दिसलं आणि गोळी महिनाभर चालू असेल तर विचारा. कळलावीचा कंद बाळंतपण लवकर व्हावं किंवा पाळी यावी म्हणून कुणी देत असेल तर त्या घरातून बाईला उठवून दवाखान्यात न्या. यात बायका दगावल्या आहेत. ‘कोल्चिसिन हृदयालाही चांगलं’ असं वाचलं असेल तर त्यात तथ्य आहे: अमेरिकेत २०२३ साली रोजच्या अर्ध्या मिलिग्रॅमला हृदयविकारासाठी मान्यता मिळाली. पण २०२४ मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत हार्ट अटॅकनंतर फायदा दिसला नाही, आणि किडनी कमजोर असलेल्यांना हे औषध जपूनच द्यावं लागतं. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा.

विषबाधेची ओळखही सगळ्यांना हवी. श्रीलंकेत नियंगला म्हणतात त्या कळलावीचा कंद खाण्याचा कंद समजून खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडेही पावसाळ्यानंतर रानातून कंद आणणाऱ्यांनी सावध राहावं: कळलावीचा कंद नांगराच्या फाळासारखा कोनात वाकलेला असतो. खाल्ल्यावर काही तासांनी घसा-तोंड जळतं, उलट्या, पाण्यासारखे जुलाब. ते पटकीसारखे किंवा अन्नातून विषबाधा झाल्यासारखे वाटतात. पहिल्या दिवसानंतर कधी कधी बरं वाटतं, आणि इथेच फसगत होते, कारण पांढऱ्या पेशी घसरणं, किडनी-हृदय खालावणं हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सुरू होतं. जगला-वाचला तर दोनेक आठवड्यांनी केस गळतात. यावर सहज मिळणारा उतारा नाही आणि डायलिसिसने हे विष रक्तातून निघत नाही. म्हणून लवकर पोचण्याला महत्त्व. घरी उलटी करवू नका. १०८ ला फोन करा, आणि झाडाचा तुकडा, भुकटी, रिकामी पट्टी जे असेल ते बरोबर न्या. डॉक्टरांना ‘जुलाब होतायत’ एवढंच सांगितलं तर ते सलाईन लावून घरी पाठवतील; ‘कळलावी खाल्लीय’ सांगितलं तर भरती करून घेतील. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७ या क्रमांकावर रात्रीसुद्धा तुमच्या गावच्या डॉक्टरांना सल्ला मिळू शकतो.

आता डबी. डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर न्या, बाबांनी त्यातलं काय आणि कधी घेतलं असेल ते त्यांना कळू द्या. नंतर जनावरं पोचणार नाहीत अशा जागी खोल खड्ड्यात पुरा. परसातल्या खतात टाकू नका. रिकामी डबी हळदी-तिखटासाठी पुन्हा वापरू नका.

डॉक्टरांकडे बाबांना घेऊन तुम्ही स्वतः जा आणि सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरून न्या, नावं पाठ करायला जाऊ नका. क्रिएटिनिन, युरिक अ‍ॅसिड आणि रक्ताची साधी तपासणी नव्याने करायला सांगतील. त्यांना सरळ विचारा: झटक्याला कोल्चिसिन द्यायचं का, दिलं तर एका झटक्यात जास्तीत जास्त किती गोळ्या, आणि जुलाब सुरू झाले तर काय करायचं. उत्तर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून घ्या आणि तो कागद बाबांच्या उशाशी असलेल्या गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर आतून चिकटवा. रात्री दोन वाजता अंगठा ठणकतो तेव्हा माणूस हाताला लागेल ते घेतो.

अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केलं तर एक गोष्ट बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर सगळं फिसकटेल. पहिल्या काही महिन्यांत साचलेले स्फटिक हलायला लागतात आणि झटके उलट वाढू शकतात. त्यासाठीच डॉक्टर सुरुवातीला तीन ते सहा महिने कोल्चिसिनची अगदी लहान मात्रा रोज देतात, तीही किडनी बघून. त्या काळात झटका आला म्हणून ‘ही गोळी मानवत नाही’ असं ठरवून अ‍ॅलोप्युरिनॉल बंद करायचं नाही. फोन आधी डॉक्टरांना, मग काकांना.